हिरव्यातल्या ओळी

ही पत्रं माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, झैदची. तो मालवाहू जहाजावर खलाशी आहे, मी खालापूरला नवरा अरबाज आणि मुलगी इल्माबरोबर राहते, तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. ईमेलनं गेली-आली तशीच इथं उतरवून ठेवते, पण आधी आमच्या दुकानाची एक पद्धत सांगायला हवी.

आमचे अब्बा म्हणजे दहिवलीचे अब्बास पेंटर. हातानं बोर्ड रंगवायचे. गिऱ्हाईक जे बोलेल ते कागदावर हिरव्या पेन्सिलीनं लिहायचं, आणि पेंटरला आपल्या मनानं काही सुचवायचं असेल तर ते काळ्यानं, असा त्यांचा नियम होता. काळी ओळ गिऱ्हाइकाला पटली तर त्यानं खाली हिरवी रेघ मारायची. मग ती ओळ त्याची, पेंटरनं श्रेय मागायचं नाही. आम्ही दोघं भावंडं त्याच कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवत वाढलो. म्हणून अब्बा अर्धांगानं पडले आणि मी झैदला पत्र लिहायला बसले, तेव्हा ते मला म्हणाले, "माझं नाव घालू नको. हिरव्यात लिव. त्याला कळंल."

मी तसंच केलं. त्यांच्या ओळी हिरव्या, माझ्या काळ्या. इथं शाई एकच आहे, तेव्हा त्यांचं बोलणं सुरू होतं तिथं (हिरवं) आणि माझं परत सुरू होतं तिथं (काळं) असं लिहिलंय. पत्रांत हे शब्द नव्हते, नुसते रंग होते.

— अल्मास


१८ जानेवारी २०२४
विषय: अब्बांचं कळलं

आपा, सलाम.

मागच्या बंदरात फोन लागला आणि अरबाजभाईंचे मेसेज धडाधड आले. अब्बा पडले, हे मला इतक्या उशिरा कळावं? शिडीवर नव्हते हे नशीब म्हणायचं. आता कसे आहेत, हात-पाय किती चालतो, बोलतात का, सगळं लिही. आणि मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस. मी दुकान सोडून समुद्रावर आलो त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. अब्बांचे अब्बा समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत, म्हणून त्यांनी समुद्राचं नाव टाकलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण मला निरोप द्यायला स्टेशनवरसुद्धा आले नाहीत, हेही मी विसरलेलो नाही.

इथं फोन चालत नाही. जहाज जुनं आहे. कप्तानाच्या कॉम्प्युटरवरून खलाशांना ईमेल करू देतात, तेवढंच. फोटो पाठवू नकोस, पोचत नाहीत. इथं नुसता मजकूर येतो.

माझा करार मे महिन्यात संपतोय. अजून सहा महिने थांबशील का, असं कप्तान विचारतोय. घरी यायचं की थांबायचं, ते तुझ्या पत्रावर ठरवीन.

झैद


२४ जानेवारी २०२४
विषय: घरची हकिगत

झैद, सलाम.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. मी विचारलं असं सांगू नको म्हणे. बाप अंथरुणाला खिळलाय आणि याचं नाक अजून वरच. मी सांगितलं की नाही, ते तुला पुढं वाचलंस की कळेलच.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली आहे. बोलतात, पण तुटक. दोन शब्द, मग थांबायचं, मग दोन शब्द. सवयीनं मला कळतं, डॉक्टरांनाही मीच उलगडून सांगते. फोनवर नुसती घरघर ऐकू येते, म्हणून तू बंदरात उतरून फोन केलास तरी काही उपयोग नाही. मी रजा टाकून दहिवलीला येऊन राहिलेय. अरबाज दिवसाआड खालापूरहून येऊन जातात, इल्माला तिच्या आजीकडे ठेवलंय. शेजारच्या बायजाकाकू तांदळाच्या भाकऱ्या आणून देतात आणि देताना माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून जातात. एकूण बरं चाललंय म्हणायचं.

(हिरवं) जहाजावर काय काम देतात? रंगाचंच का? लोखंडाला आधी रेड ऑक्साइड मारतात, की गंजावरच रंग? ब्रश, का रोलर? खाऱ्या वाऱ्यात रंग धरतो का?

(काळं) सगळ्याची नीट उत्तरं लिही. टाळाटाळ करू नकोस. वाट बघणं म्हणजे काय ते तुला तिकडं बसून कळायचं नाही.

आपा


९ फेब्रुवारी २०२४
विषय: रंगाचे प्रश्न

आपा, सलाम.

हकिगत कळली. अब्बांना औषधं वेळेवर देत जा, आणि डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला असेल तर कंटाळा न करता करून घे.

रंगाचे प्रश्न वाचून मात्र मला हसूच आलं. माझ्याबरोबर डेकवर नागू म्हणून एक मुरुडकडचा आहे, त्यालाही वाचून दाखवलं, तोही हसला. इथं सकाळपासून हातात हातोडी, गंज काढा आणि रंग मारा. कपड्यांना रंगाचा वास, जेवणाला रंगाचा वास. आणि घरचं पत्र उघडावं तर त्यातही रेड ऑक्साइड! त्यांची उत्तरं काही मी लिहीत बसत नाही. पत्र काय असल्या गोष्टींसाठी असतं?

कप्तान परवा पुन्हा विचारत होता. मी अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही. तुमचं सगळ्यांचं मन काय आहे ते नीट लिही.

झैद


१७ मार्च २०२४
विषय: विचारणाऱ्याला उत्तर द्यावं

झैद, सलाम.

तुझं पत्र येऊन महिना उलटून गेला. मुद्दामच लिहिलं नाही. इतका राग आला होता की लिहिलं असतं तर तोंडाला येईल ते लिहिलं असतं.

कुणी आपुलकीनं काही विचारलं तर त्याला हसू नये, एवढी अदब या घरात शिकवली होती. तू हसलास, वर परक्या माणसाला वाचून दाखवलंस. इथं तुझ्या वतीनं मला काय काय बोलावं लागतंय ते तुला ठाऊक नाही. मीच आपली सगळ्यांची मनं राखत बसायची. तू मोठा झालास असं मला वाटत होतं, पण तू आहे तिथंच आहेस.

तरी पुन्हा लिहिते. हे पत्र एका बैठकीत झालेलं नाही, दोन दिवस लागले. यात हसण्यासारखं काही नाही.

(हिरवं) तू गेलास त्या दिवशी कर्जत स्टेशनच्या पुलावरून गाडी पाहिली. शेवटचा डबा जाईपर्यंत. खाली उतरवलं नाही. राग नव्हता, भीती होती.

दुकान आता उघडायचं नाही. ब्रश ठेवले आहेत, बाकी सामान देऊन टाकलं. जागा अरबाजला वापरू दे. तू घाईनं येऊ नकोस. हातात घेतलेलं काम पुरं कर. अर्धा बोर्ड टाकून शिडीवरून उतरायचं नसतं.

(काळं) तुझी खाट खिडकीशीच आहे. तिच्यावर कुणाला बसू दिलेलं नाही.

रोजे चालू आहेत. अब्बांना डॉक्टरांनी मनाई केलीय, म्हणून इफ्तारच्या वेळी खजुराचं बी काढून त्यांच्या हातावर ठेवते, तेवढंच त्यांना समाधान. आता तरी सरळ उत्तर दे. एकच ओळ लिही हवं तर, पण मनापासून लिही.

आपा


५ एप्रिल २०२४
विषय: दुकान

आपा,

सलाम लिहायला हात होत नाही, तरी सलाम.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दर वेळी तेच कळलं. अरबाजभाईंना जागा हवी होती तर तसं सरळ लिहायचं. मी काय अडवणार होतो? घ्या. पण त्यासाठी एवढी फिरवाफिरव कशाला? आधी म्हणे रंगाचे प्रश्न, मग म्हणे पुलावरून गाडी पाहिली. आपा, तू त्या दिवशी खालापूरला होतीस. इल्मा तापानं फणफणली होती, आणि यायला जमत नाही म्हणून तू तिथूनच मला फोन केला होतास. मग पुलावरून गाडी कुठून पाहिलीस? वर शेवटचा डबा जाईपर्यंत! माझ्या मनाला लागलेल्या जागेवर बोट ठेवून मला रडवायचं आणि त्याच पत्रात दुकान काढून घ्यायचं, हे तुला शोभत नाही.

सामान देऊन टाकलं म्हणतेस. कुणाला विचारून? अब्बांना विचारलंस? दोन पत्रांत त्यांचा एक शब्द नाही. ते बोलतात आणि फक्त तुला कळतं असं लिहितेस, मग माझ्याविषयी ते काही बोललेच नसणार. उत्तर मिळालं मला.

येऊ नकोस म्हणतेस ना, बरं. करार वाढवायच्या कागदावर काल सही केली. आता नोव्हेंबरपर्यंत इथंच. खाट ठेवलीय म्हणे. मेहरबानी. तीही कुणाला तरी देऊन टाका.

झैद


१९ एप्रिल २०२४
विषय: हे शेवटपर्यंत वाच

झैद, सलाम.

डोक्यात राख घालून घेऊ नकोस, सगळं वाच, मग काय ते बोल.

तुझं पत्र ईदच्या आधी आलं. अब्बांना वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यात होते, कालच घरी आणलं. ते झोपल्यावर मी तुझं पत्र पुन्हा उघडलं आणि त्या पुलाच्या ओळीवर अडकले. मी पुलावर होते असं मी कधी लिहिलं? तुझ्या पत्राखाली नेहमी तीन टिंबं असतात, त्यांना मी कधी हात लावला नव्हता. आज लावला. त्यात माझंच पत्र निघालं, तुझ्याकडे पोचलं तसं. प्रत्येक ओळीच्या आधी बाणासारखी एक खूण, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं काळं. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

झैद, त्यात हिरवं होतं रे. दुकानातलं हिरवं. अब्बा बोलत होते आणि मी लिहीत होते. नाव घालू नको म्हणाले, त्याला हिरवं बघून कळंल म्हणाले. मलाही वाटलं की तू हिरवं बघशील आणि तुझ्या काळजात लक्क होईल, म्हणून मीही काही सांगितलं नाही. रेड ऑक्साइडचं मी विचारलं नव्हतं. मला त्यातलं काय कळतं? जहाजावर नुसता मजकूर येतो, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मला वाटलं मजकूर म्हणजे मी लिहिते ते सगळं, रंगासकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आज शाळेत जाऊन कॉम्प्युटरच्या रूपेश सरांना विचारलं. ते म्हणाले, पत्र तीन तऱ्हांनी जातं. एकात नुसती अक्षरं. दुसऱ्यात अक्षरांना रंग देता येतो, ती जाड करता येतात, तिरपी करता येतात. तिसरं वेबसाइटच्या पानासारखं, त्यात चित्रंबित्रं सगळं. माझ्याकडून निघताना रंगाचं पत्र निघत होतं, आणि वाटेत तुमचा कॉम्प्युटर रंग काढून नुसती अक्षरं तुझ्या हातात ठेवत होता. अक्षर एकही हरवलं नाही. फक्त कोण बोलतंय तेवढं हरवलं.

आणखी एक चूक माझी. अब्बांचं बोलणं मी शाळेतल्या सवयीनं शुद्ध करून लिहिलं, नाहीतर रंगाशिवायही तू ओळखलं असतंस. आता जसं बोलले तसं लिहिते, आणि नाव घालून लिहिते.

अब्बा: तू गेलास तवा पुलावर व्हतो. गाडी बघितली. शेवटचा डबा जाईस्तोवर. खाली उतरवलं नाय. राग नाय रं. भ्यालो व्हतो.

अब्बा: घाई करू नको. घेतलंय ते काम पुरं कर. अर्धा बोर्ड टाकून उतरू नय.

तुला ये म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती, आणि तुझं काम अडवायचं नाही म्हणून हे असं. दुकानाची जागा अरबाजनी तेव्हाच नको म्हटली. किल्ली अब्बांच्या उशाशी आहे.

ते मला रोज विचारायचे, "झैद काय बोल्ला?" तुझ्या पत्रात त्यांच्यासाठी काही नसायचं, मग मी रचून सांगायची. म्हटलं, आधी रेड ऑक्साइडच मारतात, दोन हात. तेव्हा म्हणाले, "मग ठीक हाय." पुलाच्या पत्रावर तू काय लिहिलंस, हे ते दुसरा झटका येईपर्यंत विचारत होते. मी सांगत होते, पत्र अजून आलं नाही.

आता ते विचारत नाहीत. दुसऱ्या झटक्यानंतर शब्दच येत नाही. ओठ हलतात, डोळे सगळं बोलतात, पण आता मलाही उलगडत नाही. परत बोलतील का, ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणजे तुझ्याशी जे बोलले ते या दोन पत्रांत आहे, तेवढंच. बाकीच्या त्यांच्या ओळी तुझ्या तू ओळखशील.

ऐकू सगळं येतं त्यांना. तू काहीतरी लिही. मी आता रचून सांगणार नाही.

आपा


२६ एप्रिल २०२४
विषय: अब्बांना वाचून दाखव

आपा, सलाम.

तुला मी काय काय लिहिलं ते आठवून तोंड दाखवायची लाज वाटते. अरबाजभाईंना ते पत्र दाखवलं नसशील तर दाखवू नकोस, दाखवलं असशील तर मी आल्यावर त्यांचे पाय धरतो.

तुझ्या रूपेश सरांचं बरोबर आहे. कप्तानाला विचारलं. उपग्रहावरून येणारं अक्षरन्‌अक्षर महाग, म्हणून इथला कॉम्प्युटर पत्र सोलून आत घेतो. बोर्डाची आधी खडूनं आखणी करतात, मग रंग भरतात, मग बॉर्डर आणि फुलं. मला इथं खडूच्या आखणीवर बोर्ड वाचायला लागत होता.

तुझी दोन्ही पत्रं कागदावर काढून घेतली. आमचं डेक हिरवं आहे, त्या रंगात काडी बुडवून अब्बांच्या वाटल्या त्या ओळी रंगवत बसलो. नागूनं विचारलं काय करतोस, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. मग तो शेजारी बसून रंगाचा डबा धरून राहिला.

रंगाचे प्रश्न, पूल, दुकान, शिडी, सगळं रंगवलं. आणि शेवटची ती खाटेची ओळ. तिला मी मेहरबानी म्हणालो होतो. पुलाचं वाचून मी रडलो, पण खाटेचं वाचून जागेवरून उठलोच. मी त्यांना तोडून बोललो, तीन वर्षं एकदाही विचारलं नाही, सुट्टीत आलो तेव्हा खालापूरला तुझ्याकडे राहून परत गेलो, आणि अब्बा माझ्या खाटेवर कुणाला बसू देत नाहीत. ती एक ओळ घेऊन कप्तानाकडे गेलो. करार वाढवल्याचा कागद अजून कंपनीकडे गेला नव्हता. कप्तान खूप बोलला, पण शेवटी त्यानं फाडला. पुढचं बंदर मेच्या मध्यावर आहे, तिथं उतरतोय. माझ्या ओळी बरोबर रंगवल्यात का, तेवढं कळव.

आता पुढचं अब्बांना वाच. हळू वाच.

अब्बा, सलाम. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला. काम रंगाचंच आहे. आधी हातोडीनं गंज उडवतो, तारेच्या ब्रशनं घासतो, मग गोड्या पाण्यानं मीठ धुतो. मीठ राहिलं तर वरचा रंग पापुद्र्यानं निघतो. वाळलं की रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर, दोन हात. गंजावर रंग मारत नाही, तुम्ही शिकवलंय. मोठ्या जागेला रोलर, कडेकोपऱ्याला ब्रश. खाऱ्या वाऱ्यात रंग फार टिकत नाही, म्हणून एका टोकाला संपलं की दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरू.

आणि एक तुम्ही विचारलं नव्हतं ते सांगतो. जहाजाचं नाव पुसट झालं की ते हातानं भरावं लागतं. बाहेरच्या बाजूला दोरानं फळी सोडतात, तिच्यावर बसून. ते काम मला देतात. का, म्हणून विचारलं तर कप्तान म्हणाला, तुझं अक्षर सरळ येतं. दुकान सोडताना मी तुम्हाला म्हणालो होतो, आता तुमची अक्षरं कोण वाचतं. अब्बा, दर बंदरात लोक वाचतात.

झैद


२ मे २०२४
विषय: एक ओळ

झैद, सलाम.

काल दुपारी अब्बांना तुझं पान वाचून दाखवलं. हळू वाचलं. मीठ धुण्यापाशी त्यांनी मान हलवली. जहाजाच्या नावापाशी डोळे मिटले, आणि डावा हात चादरीवर फिरायला लागला. आधी मला कळेना, मग लक्षात आलं की बोटानं अक्षरं काढतायत. संपल्यावर कागदाकडे बघत राहिले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. संध्याकाळी बायजाकाकू आल्या तेव्हा तिसऱ्यांदा. काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, पोरानं बापाचं नाव राखलं. मग भाकरी जाड झालीय म्हणून मला बोलल्या.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. सगळ्या ओळी बरोबर रंगवल्यास, एक सोडून. खाटेची ओळ अब्बांची नव्हती. ती माझी होती, काळी. त्यांचं बोलून झाल्यावर मी आपल्या मनानं लिहिली होती. माझी म्हणून तू उतरायचा बेत बदलणार असशील तर आधी पुढचं वाच.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. रात्रभर मनात तेच होतं. पण अब्बांच्या नावावर त्यांनी न बोललेला शब्द घालायचा नाही, हा दुकानाचा नियम. आणि तुझ्या वतीनं मी त्यांच्याशी इतकं खोटं बोलले होते की आता त्यांच्या वतीनं तुझ्याशीही खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

म्हणून आज सकाळी शाळेतून ते पत्र मोठ्या अक्षरात छापून आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांना म्हटलं, "अब्बा, ही खाटेची ओळ माझी आहे. झैद ती तुमची समजून घरी यायला निघालाय. त्याला काय कळवू?"

पुष्कळ वेळ वाचत होते. मग डावा हात इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागला. पाणी दिलं, नको. तसबीची माळ दिली, ती बाजूला सारली. डोळे सारखे तुझ्या खाटेकडे जात होते. तिच्याखाली त्यांची ब्रशची पेटी ठेवलीय. पेटी काढून उघडली तर त्यांनी हात घातला आणि ब्रश ढकलून खालची पेन्सिल काढली.

डावा हात त्यांचा कामाचा नव्हे. पट्टी न लावता आयुष्यभर सरळ रेघा मारलेला माणूस, पण ही रेघ वाकडीतिकडी, वर चढून अक्षरांना लागलेली. मध्येच पेन्सिल हातातून सुटली. मी उचलून द्यायला वाकले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं, चाचपडत स्वतःच उचलली, आणि राहिलेल्या दोन शब्दांखालून रेघ शेवटपर्यंत नेली.

म्हणजे ती ओळ आता माझी राहिली नाही, झैद. श्रेय मागायचं नाही, हा नियम मला ठाऊक आहे. कागद मी तुझ्या खाटेवर ठेवलाय, आल्यावर बघशील. तिथं रंग पोचत नाही, म्हणून अक्षरांत लिहिते. रेघ हिरवी आहे.

आपा